संत्रं, पुदिना आणि व्हिस्की: घरच्या पेल्यात कडूपणा कुठून येतो

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. इंदूरला रामबागेतल्या घरी मोठे दीर आणि जाऊबाई येणार म्हणून तुम्ही दोघांनी संत्र्याचा रस, पुदिना आणि व्हिस्की यांचं कॉकटेल केलं. संत्री दुपारीच पिळून रस फ्रीजमध्ये ठेवला, पुदिना मिक्सरमधून काढला. रात्री त्यात व्हिस्की ओतली, वरून सोडा आणि प्रत्येक ग्लासात बर्फाचे दोन-दोन तुकडे. रंग हिरवट-तपकिरी आला, चव कडू लागली आणि अर्धा ग्लास होईतो सगळं पाणचट झालं. साखर वाढवली तर गोडही झालं आणि कडूही राहिलं. आता फळं जास्त घालावीत की भारी व्हिस्की आणावी, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही नको. इथल्या हॉटेलांच्या बारमध्ये बरीच वर्षं हेच काम करत आलोय, आणि घरून येणाऱ्या बहुतेक तक्रारी फळ किंवा बाटलीपाशी येऊन थांबतात. पण पेय ताजं लागतं ते लिंबाच्या आंबटपणामुळे, भरपूर बर्फामुळे आणि घोट घेताना नाकाला येणाऱ्या वासामुळे. फळ त्यात चव आणि रंग देतं, एवढंच त्याचं काम. हे एकदा धरलं की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

कडूपणापासून सुरुवात करू, कारण तो तुमच्याकडे दोन वाटांनी आला.

पहिली वाट संत्र्याची. मोसंबीचा रस काढून ठेवला की तासा-दोन तासांत कडवट होतो, हे आपल्या घरांत सगळ्यांना माहीत आहे. आजारी माणसाला रस देताना आई म्हणायचीच, ‘लगेच पी, कडू होईल.’ संत्र्याचंही तसंच. अखंड फळात हा कडूपणा आणणारं द्रव्य कडू नसलेल्या रूपात असतं. फळ पिळलं, पेशी फुटल्या आणि रसातल्या आम्लाशी त्याची गाठ पडली की हळूहळू त्याचं लिमोनिन तयार होतं, आणि लिमोनिन अगदी थोडं असलं तरी जिभेला कळतं. बिया, फोडींवरचे पडदे आणि सालीखालचे पांढरे धागे यांत त्याचा साठा जास्त. म्हणजे बियांसकट मिक्सरमध्ये फिरवलेलं संत्रं किंवा यंत्रात जोरात दाबलेलं संत्रं लवकर कडू होणार. फ्रीजमध्ये ठेवल्याने ही क्रिया मंदावते, थांबत नाही. म्हणून संत्रं पेय करतानाच सोलायचं, फोडींच्या बिया काढायच्या, जमेल तेवढे धागे ओढायचे आणि हातानेच दाबायचं.

दुसरी वाट पुदिन्याची. पुदिन्याचा वास पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक तेलग्रंथींत असतो. पान नुसतं दाबलं तरी त्या फुटतात आणि वास मोकळा होतो. पानाच्या आत मात्र हिरवा रंग आहे, तुरट-कडवट द्रव्यं आहेत आणि चिरलेलं सफरचंद काळं पाडणारं विकर इथेही आहे. मिक्सर पान फाडतो, हे सगळं बाहेर काढतो आणि हवेशी मिसळतो. तुमचा तपकिरी रंग तिथून आला. चटणीत हे चालतं, कारण तिथे मिरची, मीठ, लिंबू, कोथिंबीर सगळी झाकायला असतात. पेयात झाकायला काही नसतं. देठ तर पानाहून कडू, तो काढूनच टाका. पानं साखरेच्या पाकात घालायची आणि खलबत्त्यातल्या बत्त्याने किंवा लाटण्याच्या टोकाने चार-पाच वेळा हलकेच दाबायची. पान अखंड राहिलं पाहिजे, फक्त मऊ आणि गडद झालेलं दिसलं पाहिजे. वास आला की थांबा.

आता पाणचटपणा. इथे लोकांचा हात नेमका उलटा पडतो. बर्फ कमी घातला तर पाणी कमी होईल असं वाटतं, म्हणून दोन तुकडे टाकतात. पण कोमट पेयात दोन तुकडे पडले की ते पेय गार करता करता पूर्ण वितळतात, आणि नंतर गारवा टिकवायला काही उरत नाही. ग्लास काठोकाठ बर्फाने भरला तर पेय झटकन गार होतं आणि गार पेयात उरलेला बर्फ सावकाश वितळतो. म्हणून बर्फ भरपूर, तोही थेट फ्रीजरमधून काढलेला, कोरडा. बाजारातून आणून बादलीत ठेवलेला बर्फ बाहेरून ओला असतो, ते पाणी पहिल्या क्षणीच पेयात उतरतं. शिवाय तो कुठल्या पाण्याचा, याची खात्री नसते. उकळून गार केलेलं किंवा घरच्या फिल्टरचं पाणी छोट्या स्टीलच्या वाट्यांत गोठवा. मोठा गोळा छोट्या चौकोनांपेक्षा सावकाश वितळतो. वाट्यांवर झाकण मात्र हवंच. आपल्या फ्रीजरमध्ये मटार असतात, किसलेलं खोबरं असतं, कुठल्याशा मसाल्याची पुडी असते, आणि बर्फ हे सगळे वास ओढून घेतो. हिंगाचा वास लागलेल्या बर्फाला कुठलीही व्हिस्की सावरू शकत नाही. ग्लासही अर्धा तास आधी फ्रीजमध्ये ठेवा.

आंबटपणाबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण सगळा तोल त्यावर आहे. संत्र्याच्या रसात आम्ल जेमतेम एक टक्क्याच्या आसपास असतं. आपल्या कागदी लिंबात ते सहा टक्क्यांच्या घरात जातं. त्यामुळे कितीही संत्री पिळली तरी व्हिस्कीसमोर उभं राहील एवढा आंबटपणा येत नाही, उलट गोडवा आणि पाणी वाढत जातं. तुमच्या ग्लासात लिंबू नव्हतंच. म्हणून साखर वाढवल्यावर पेय आणखी बोथट झालं. लिंबूही करतेवेळीच पिळा आणि साल उलटी होईपर्यंत दाबू नका, सालीची कडू धार रसात उतरते. आणि मीठ, अगदी चिमूटभर, घालाच. मिठातलं सोडियम जिभेवरचा कडूपणा दाबतं, फळाची चव पुढे येते. खारट लागता कामा नये. इंदुरी माणूस इथे लगेच जीरावन मसाल्याकडे हात नेतो. पोह्यांवर जीरावनासारखं काही नाही हे मलाही मान्य, पण त्यातले लवंग, हिंग, सुंठ पुदिन्याला पार गिळून टाकतात. संत्र्याबरोबर साधं सैंधव पुरे. पेरू किंवा कैरी असेल तर ग्लासच्या कडेला जीरावनाची पातळ रेघ चालते.

माप डोळ्याने घेऊ नका. बारचं माप घरात नसतं, पण खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं खुणांचं टोपण जवळजवळ प्रत्येक घरात असतं, ते स्वच्छ धुऊन वापरा. किंवा मोजायचे चमचे: मोठा १५ मिली, छोटा ५ मिली. पाक आधी करून ठेवा. १०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम पाणी, साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं, उकळून तार आणायची नाही. गार करून बाटलीत भरला की फ्रीजमध्ये दोन आठवडे सहज राहतो.

एका ग्लासाला ४५ मिली व्हिस्की, २० मिली लिंबाचा रस, १५ मिली पाक, चार-पाच सोललेल्या संत्र्याच्या फोडी, आठ-दहा पुदिन्याची पानं आणि चिमूटभर सैंधव. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या बाटलीत किंवा डब्यात आधी पाक आणि फोडी घालून फोडी नीट चेचा, रस सुटू द्या. मग पुदिना घालून वर सांगितलं तसा हलका दाबा. नंतर लिंबू, मीठ, व्हिस्की. शेवटी डबा बर्फाने भरून झाकण लावा आणि दोन्ही हातांनी जोरात हलवा. दहा-बारा सेकंदांत डब्यावर धुकं धरतं आणि बोटांना चटका बसावा इतकं स्टील गार होतं, ती थांबायची खूण. दुहेरी भिंतीचा थर्मास इथे कामाचा नाही, त्यात ही खूण कळतच नाही. सोडा डब्यात कधीही घालायचा नाही, झाकण उडून सगळं छतावर जाईल. चहाच्या गाळणीतून ताज्या बर्फाने भरलेल्या ग्लासात गाळा, वरून ५०-६० मिली गार सोडा, आणि चमचा एकदाच खालून वर.

आता वास. संत्र्याच्या रसात संत्र्याचा सुगंध फार थोडा असतो, तो असतो सालीत. लहानपणी सगळ्यांनी एकमेकांच्या डोळ्यांत साल पिळून फवारा उडवलाय, तो फवाराच आपल्याला हवा आहे. पाच रुपयांच्या नाण्याएवढा सालीचा तुकडा घ्या, नारिंगी बाजू ग्लासाकडे धरा आणि दुमडून दाबा. पेयावर तेलाचे बारीक थेंब पसरलेले दिसतात. ग्लास ओठाशी नेला की आधी संत्रं भेटतं, मग व्हिस्की. पुदिन्याचा एक शेंडा दोन तळव्यांत हलकेच थापून कडेला खोचा, ग्लास उचलणाऱ्याच्या नाकाजवळ येईल असा. फळ वाढवून जे साधत नाही ते या दोन गोष्टींनी साधतं. साल अर्थात आधी कोमट पाण्याने चोळून धुवा, बाजारातल्या चकचकीत संत्र्यांवर बरेचदा मेण असतं. हौस असेल तर दोन संत्र्यांच्या साली, पांढरा भाग न घेता, पाकाच्या साखरेत चोळून तासभर झाकून ठेवा. साखर तेल ओढून घेते आणि ओलसर होते. त्या साखरेचा पाक केलात तर पेयाची जात बदलते.

व्हिस्कीचं उत्तर सोपं आहे. भारी सिंगल माल्ट इथे वाया जाते, तिचे बारकावे लिंबू पुसून टाकतं. धुरकट वासाची स्कॉच तर नकोच, तो धूर पुदिन्याशी भांडतो. मधल्या किमतीची ब्लेंडेड व्हिस्की पुरते. आपल्याकडच्या बऱ्याच स्वस्त व्हिस्क्यांत मोठा भाग उसाच्या मळीपासूनच्या स्पिरिटचा असतो आणि त्यात थोडी माल्ट मिसळलेली असते. नुसत्या पाण्याबरोबर त्या पोकळ वाटतात, पण लिंबू-साखरेत बऱ्यापैकी निभावतात. मिळत असेल तर अमेरिकन बर्बन या पेयाला सगळ्यात चांगली. ती निम्म्याहून जास्त मक्याची असते आणि आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरते, त्यामुळे तिच्यात व्हॅनिलाचा गोडसर वास येतो आणि संत्र्याशी त्याची छान सोयरीक जमते. पुदिना, साखर, व्हिस्की आणि बर्फ ही जोडी मुळात तिकडचीच. केंटकीत घोड्यांच्या डर्बीला अजूनही मिंट ज्यूलेप पितात. त्याच घराण्यात लिंबू चेचून घातलं की त्याला स्मॅश म्हणतात. आपण करतोय तो संत्र्याचा स्मॅश.

तुम्ही तुळस घालू का असंही विचारलं होतं. चवीच्या हिशेबाने तुळस चालेल. तिच्यातलं लवंगी वासाचं युजेनॉल ओकच्या पिंपातूनही व्हिस्कीत थोडंफार उतरतं, म्हणून दोघांचं जुळतं. पण वृंदावनातली तुळस दारूच्या ग्लासात मी टाकत नाही, आणि घरात सासूबाई असतील तर तुम्हीही टाकू नये. सब्ज्याची पानं घ्या, तिचीच बहीण आहे, वास जास्त गोड आणि मोकळा. कुंडीत सहज येतो. जाईल तिथे पुदिनाच घालण्यापेक्षा फळ बघून पान निवडावं. संत्र्याला पुदिना, जांभळाला आणि स्ट्रॉबेरीला सब्जा, अननसाला गवती चहा. गवती चहा चेचून काही मिळत नाही, त्याचे तुकडे पाक गरम असतानाच घालून झाकून ठेवायचे. त्याचा वास उष्णतेत टिकतो, पुदिन्याचा टिकत नाही, म्हणून पुदिन्याचा पाक करून ठेवायच्या भानगडीत पडू नका.

फळ मोसमाचंच घ्या. संत्र्यांचे मुख्य दोन बहार, एक दिवाळीच्या आगेमागे सुरू होणारा आणि दुसरा फेब्रुवारी-मार्चचा. तेव्हा आगर-माळव्याकडची आणि नागपूरची संत्री चोइथराम मंडीत ढिगाने येतात. हातात जड लागणारं संत्रं घ्या, फुगलेल्या सैल सालीचं आतून कोरडं निघतं. मे महिन्यात मात्र संत्र्याचा हट्ट सोडा. तेव्हा कैरी आहे. उकडलेल्या कैरीचा गर ३० मिली, पाक २० मिली, लिंबू शून्य, कारण कैरीचं आम्ल पुरेसं असतं. पुदिना, भाजलेल्या जिऱ्याची चिमूट, सैंधव आणि तीच ४५ मिली व्हिस्की. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांच्या उन्हानंतर माळव्याची रात्र गार पडायला लागते, त्या वेळी गच्चीवर हे पेय फार शोभतं.

फालसे मिळाले तर सोडू नका. धुवून थोड्या पाण्यात भिजवा आणि हातानेच कुस्करून गाळा, मिक्सरमध्ये बी फुटली की कडवट होतं. डाळिंबाचंही तेच. जांभूळ मोहक दिसतं पण त्याचा तुरटपणा व्हिस्कीतल्या लाकडाच्या तुरटपणाला मिळतो आणि तोंड कोरडं पडतं, तिथे पाक ५ मिली जास्त आणि मीठ जरा सढळ. जांभळाबरोबर मला लिंबाऐवजी गोरखचिंच आवडते. मांडूला गेलात तर रस्त्याकडेला ती मोठाली मखमली फळं विकायला ठेवलेली असतात, खुरासानी इमली म्हणून. आतला पांढरा भुसभुशीत गर कोमट पाण्यात भिजवून कुस्करा आणि गाळा. आंबट आणि किंचित दाट पाणी मिळतं, पेयाला त्याने अंग येतं. केळं, चिकू, सीताफळ यांच्या वाटेला जाऊ नका. पपनस वापरणार असाल तर पाहुण्यांपैकी कोणी रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेतं का, विचारून घ्या. ग्रेपफ्रूट आणि पपनस यांच्यामुळे त्यातल्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढतं.

एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो आणि तुम्हालाही मनापासून सांगतो. असं पेय चांगलं जमलं की त्यात दारू आहे हे जिभेला कळत नाही. आपल्याकडची व्हिस्की बहुधा ४२.८ टक्क्यांची असते, म्हणजे ४५ मिलीत सुमारे १५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. सरबतासारखे तीन ग्लास अर्ध्या तासात जातात आणि त्रास नंतर होतो. म्हणून मी ६० मिलीचा पेग इथे लावत नाही. सोबत खायला शेव-चिवड्यापेक्षा काहीतरी भरीव ठेवा, भुट्ट्याचा कीस किंवा साबुदाणा वडा. मोठा मुलगा कॉलेजात आहे म्हणालात, मध्य प्रदेशात कायद्याने वयाची अट २१ वर्षांची आहे. आणि ज्याला गाडी चालवायची आहे त्याच्या ग्लासात व्हिस्की नाहीच.

त्याच्यासाठी आणि जाऊबाईंसाठी हाच ग्लास दारूविना करा, पण नुसती व्हिस्की वगळून नव्हे, कारण मग ते लिंबू-संत्र्याचं सरबत होतं. व्हिस्कीच्या जागी ४५ मिली कडक काळा चहा घ्या. चहापत्ती गार पाण्यात घालून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी गाळा. चहाचा तुरटपणा लाकडाच्या तुरटपणाची जागा भरून काढतो, आणि गार पाण्यात मुरल्यामुळे तो कडू होत नाही. बाकी सगळं तसंच. बडोद्याच्या आत्यांकडे जाल तेव्हाही हेच करा. गुजरातमध्ये राज्य झाल्यापासून, १९६० पासून दारूबंदी आहे, गाडीत बाटली नेऊ नका.

सहा जणांसाठी करताना प्रत्येक ग्लास वेगळा हलवत बसलात तर तुम्ही स्वयंपाकघरातच राहाल. २७० मिली व्हिस्की आणि ९० मिली पाक एका बाटलीत मिसळून दुपारीच फ्रीजमध्ये ठेवा, हे खराब होत नाही. १२० मिली लिंबाचा रस पाहुणे यायच्या आधी तासाभरात पिळा. संत्र्यांच्या फोडी सोलून, बिया काढून झाकून ठेवा, पण चेचू नका. पुदिना धुवून ओल्या फडक्यात गुंडाळा. पाहुणे बसले की दोन ग्लासांचं साहित्य एका डब्यात, असे तीन वेळा हलवलं की झालं. एका वेळी तीन ग्लासांचं घालू नका, बर्फाला जागा उरत नाही.